डोळ्याखालचा भोवरा

सटवानं मैनेचे दात बघितले, कान बघितले, पायाच्या नळ्या चाचपल्या, खांद्याला काठी लावली आणि एकसष्ट इंच म्हणून ओरडून सांगितलं. टेबलावरच्या माणसानं लिहून घेतलं. इथवर सगळं नीट चाललं होतं. मग त्यानं घोडीच्या डाव्या डोळ्याखाली अंगठा टेकवला आणि कारल्याचा रस प्यायल्यासारखं तोंड केलं.

"आसूढाळ हाय. भाहेर घ्या हिला."

केसरबाईला हे होणार ठाऊक होतं. पालीहून पिकअपमध्ये घोडी चढवली तेव्हा ठाऊक होतं, चौसाळ्याच्या मैदानात घोड्यांच्या प्रदर्शनाला उतरवली तेव्हाही ठाऊक होतं. तरी तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सटवा हा अख्ख्या तालुक्याचा घोडेपारखी. त्यानं बोट ठेवलं तो घोडा शुभ, त्यानं मान हलवली तो अशुभ. सत्तरी उलटलेली, स्वतःचं एक तट्टूसुद्धा कधी पाळलेलं नाही, पण दुसऱ्याच्या जनावराची पत्रिका मांडायला हा सगळ्यांच्या पुढं.

घोड्याच्या अंगावर केसांचे भोवरे असतात, माणसाच्या डोक्यावर असतो तसे. गळ्यावर असला की देवमण, तो चांगला. डोळ्याखाली, आसवं ओघळतात त्या वाटेवर असला की आसूढाळ. असं जनावर दारात बांधलं की घरात रडारड होते, मालक मरतो, असं घोडेवाले मानतात. केसरबाईचा नवरा शिवशंकर मानत नव्हता. मैना शिंगरू असताना कुणीतरी त्याला तो भोवरा दाखवला होता. तेव्हा तो आपली टोपी काढून म्हणाला होता, "माझ्या डोक्यावर दोन भोवरे हायत. म्हणून काय माझी दोन लग्नं झाली?"

तोच शिवशंकर तीन वर्षांपूर्वी ह्याच चौसाळ्यात मेला, आणि मेला तो मैनेच्या दोराला अडकून. मग काय, सटवाला आयतंच घबाड मिळालं.

वरात मोहनरावांच्या पुतण्याची होती. मोहनराव म्हणजे गावचे पुढारी, सगळे त्यांना अण्णा म्हणत. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला घोडीवरून उतरला होता. मैनेची पाठ मोकळी, दोर शिवशंकरच्या हातात. पोरांना नाच पाहिजे होता. मैना हलगीवर नाचायची, आणि नाचायची अशी की बघणाऱ्यानं पापणी हलवू नये. पण त्या दिवशी डीजेच्या धडधडीत तिला दोन तास उभं केलेलं. शिवशंकर दोनदा म्हणाला, आता बास. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तिच्या पुढच्या पायांत पेटलेली फटाक्यांची माळ पडली. गर्दीत जनावर हातचं सुटून पोराबाळांवर जाऊ नये म्हणून त्यानं दोराचे मनगटाला दोन वेढे दिलेले होते. मैना उधळली. डीजेच्या ट्रॉलीपर्यंत तिनं त्याला फरफटत नेलं आणि ट्रॉलीच्या चाकावर त्याचं डोकं आपटलं.

माळ कुणी टाकली? दीडदोनशे माणसं होती, दहा-बारा मोबाईल चालू होते, आणि कुणी म्हणून पाहिलं नाही. पंचनाम्यात लिहिलं, घोडी बिथरली. दहाव्याला सटवा आला, मैनेचं तोंड उजेडाकडं वळवून भोवरा बघितला आणि निकाल देऊन चहा पिऊन गेला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते काही उगीच नाही. त्या दिवसापासून मैनेला एका लग्नाची सुपारी आली नाही. केसरबाईनं दोन म्हशींच्या दुधावर घोडीला दाणा-वैरण घातली, रोज खरारा केला, आणि लोकांची तोंडं बघून घेतली.

शिवशंकरचा धाकटा भाऊ गहिनीनाथ त्या वरातीत होता. "मी लई मागं होतो, वहिनी. मला काय बी दिसलं न्हाई," एवढंच तो तीन वर्षं सांगत आला. वरून आता त्याच्या पोरीचं, रोहिणीचं, लग्न जमत नव्हतं. दोन ठिकाणचे पाहुणे चहापोहे खाऊन गेले आणि मागाहून निरोप आला, त्यांच्या दारात आसूढाळ घोडी हाय म्हणं. तेव्हा गहिनीनाथनं सांगून टाकलं, प्रदर्शनात चार लोकांसमोर तिला रिंगणात घेतली तर लोकांचं तोंड बंद होईल, घोडी राहील. नाही घेतली तर सोमवारी व्यापारी येऊन घेऊन जाईल. असल्या घोडीला घेणारा व्यापारी तिला कुठं नेतो, हे घरातलं कुणी तोंडानं बोललं नाही. दावणीला मैना राहते की जाते, ते आजच्या दिवसावर होतं.

आणि सटवा म्हणत होता, भाहेर घ्या.

"नियमात कुठं लिहिलंय?" केसरबाईनं टेबलावरच्या पंचांना विचारलं. पंच म्हणजे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, बाहेरगावचे, सकाळपासून उन्हात टोपी सावरत बसलेले.

"नियमात तसं काही नाही," ते म्हणाले. "घोडी उत्तम आहे. कानांची टोकं बघा, कशी जुळतात."

"नियम आयोजकांचा हाय, डाक्टर," सटवा म्हणाला. "तुमी उंची बघा, चाल बघा. बाकीचं आमी बघतो."

तेवढ्यात अण्णा स्वतःच आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागं चार माणसं आणि मुलगा रामेश्वर. त्यांचा आवाज असा मऊ, की ऐकणाऱ्याला वाटावं चूक आपलीच.

"केसरबाई, माझं काय तुमच्याशी वैर हाय का? शिवशंकर आपलाच माणूस होता. पर ह्या मैदानात लोकांची लेकरंबाळं हायत. जी घोडी घरच्या मालकाला खाऊन बसली, ती मी रिंगणात कशी घेऊ?"

"घोडीनं न्हाई खाल्लं, अण्णा. तिच्या पायात माळ टाकली कुणीतरी."

"कुणी टाकली? कुणी पाह्यलं?" रामेश्वर म्हणाला. मोबाईलमधून त्यानं मान वर केली नाही. "पाह्यलं आसंल तर नाव घ्या, काकू."

कुणी पाह्यलं, हे तिनं तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की आता तिनं मोजणं सोडलं होतं. तिनं गहिनीनाथकडं बघितलं. तो घोडीच्या तोंडावरची मोहरकी सारखी करत होता, आणि मोहरकी तर आधीपासून नीट होती.

"चला, वहिनी," तो म्हणाला. "झालं आता. लिंबाखाली बसू, पिकअपवाला जेवून आला की निघू."

लिंबाखाली अण्णांचा हुकूम बांधलेला होता. काळाभोर, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. ह्याला पंचकल्याण म्हणतात, शुभातला शुभ. अडीच वर्षांपूर्वी सटवानं मारवाडात जाऊन तो पारखून आणला होता. गळ्यात झेंडूचा हार, डोळ्यांवर रेशमी गोंड्यांची झालर. माणसं येऊन त्याच्याबरोबर फोटो काढत होती, एकदोघांनी तर खुराला हात लावून कपाळाला लावला.

केसरबाईनं मैनेला बादलीभर पाणी पाजलं. हुकूम त्या पाण्याकडं बघून खिंकाळला. सकाळपासून त्याला नटवायला सगळे होते, पाणी पाजायला कुणी नव्हतं. तिचा राग त्याच्यावर नव्हता. तिनं उरलेली बादली त्याच्यापुढं धरली. पाणी पिऊन घोड्यानं मान वर केली आणि घामेजलेला गाल तिच्या खांद्यावर खसाखसा घासला.

तिच्या फिक्या लुगड्यावर काळा डाग उमटला.

तिनं बोटानं चोळून बघितलं. तेलात कालवलेली काजळी. तिनं गोंडे बाजूला सारले. उजव्या डोळ्याखाली, आसवांच्या वाटेवर, रुपयाएवढी जागा होती. काजळी गेली तिथं पांढरे केस दिसत होते आणि त्याखाली कातडं आवळलेलं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तापल्या सळईनं डाग दिला की भोवरा जळून जातो आणि तिथं पांढरे केस उगवतात. दहाव्याच्या दिवशी चहा पिता पिता सटवाच तिला म्हणाला होता, पाहिजे तर डाग देऊन टाकतो, मग कुणाला कळतंय. तिनं त्याला दारातून घालवलं होतं.

म्हणजे मारवाडातल्या व्यापाऱ्यानं तालुक्याच्या घोडेपारख्याला मूर्ख बनवलं होतं. उन्हाळ्यात रंगवलेले केस गळून पांढरे उगवले तेव्हा सटवाच्या ध्यानात आलं असणार. अण्णांना सांगायची छाती कुठली? तेव्हापासून तो काजळी लावत होता आणि झालर खाली ओढत होता, आणि त्याच हातानं तो मैनेवर बोट ठेवत होता.

सांगावं, असं तिला ताबडतोब वाटलं. मग वाटलं, सांगू नये. हा मुका जीव, ह्यानं तिचं काय घोडं मारलं होतं? आसूढाळ म्हणून जाहीर झाल्यावर जनावराचं काय होतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? ती तशीच गोंडे हातात धरून उभी राहिली. तेवढ्यात भोंगा वाजला. "आता रिंगणात येत आहे मोहनरावअण्णांचा पंचकल्याण, निर्दोष, हुकूम." रामेश्वर दोर सोडायला आला आणि "सरका काकू, सावली पडू देऊ नका" म्हणाला. विधवेची सावली.

मग मात्र तिनं विचार केला नाही. रामेश्वरच्या मागोमाग ती रिंगणाच्या तोंडाशी गेली, डॉक्टरांच्या टेबलावरच्या पाण्याच्या जगमध्ये पदराचं टोक बुडवलं आणि सगळ्यांदेखत घोड्याच्या डोळ्याखाली पुसलं.

"डाक्टर, हिकडं या. हे काय हाय ते सांगा."

डॉक्टरांनी चष्मा लावून बघितलं, अंगठ्यानं चाचपलं. "डाग दिलेला आहे. जुना. खाली भोवरा असणार, त्याशिवाय इथं कोण कशाला डागेल?"

सटवाचं तोंड चुन्यासारखं झालं. हुकूमच्या खुराला हात लावलेला माणूस धोतराला हात पुसायला लागला.

केसरबाई अण्णांसमोर उभी राहिली. तीन वर्षं मनात मांडून ठेवलेली गोष्ट होती, तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "आडीच वर्षं हा तुमच्या दारात हाय, अण्णा. रोज सकाळी तुमी ह्याचं तोंड बघून भाहेर पडता. आता तुमीच सांगा, तुमच्या घरात कोण मेलं?"

तिला वाटलं, झालं. इतकं सोपं होतं. आता ह्यांना मान्यच करावं लागेल की भोवऱ्यानं काही होत नाही, आणि मैनेवरचा आळ आपोआप पुसला जाईल. गावातल्या माणसांच्या डोक्यात विचारांची गाडी सरळ चालते असं तिला अजूनही वाटत होतं, हीच तिची चूक.

"आण्णाची आई गेली की," मागून कुणीतरी म्हणालं. "गेल्या पोळ्याला."

"ब्याण्णव वर्सांच्या होत्या त्या," केसरबाई म्हणाली.

"तरी बी. चांगल्या हिंडत्या-फिरत्या होत्या."

"अन् बोअर आटलं. दोन बोअर."

"जिल्हा परिषदेचं तिकीट ऐन वक्ताला कापलं, ते?"

मग प्रत्येकाला काही ना काही आठवायला लागलं. कुणाचा बैल मेला होता, तो हुकूम त्या गल्लीतून गेला त्याच आठवड्यात. अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उलगडत गेल्या. केसरबाईला ते स्पष्ट दिसत होतं. तिकीट कापलं तेव्हा लोक म्हणाले होते की अण्णांनी सगळ्यांना फसवलं म्हणून कापलं. आता त्याचंही खापर फोडायला जागा मिळाली होती, आणि ती जागा चार पायांवर उभी होती.

"मी आनतानाच म्हणलो होतो, आण्णा," सटवा पुढं सरकून म्हणाला. "मला शंका येतीय म्हणून."

"लाज धरा, सटवामामा," केसरबाई म्हणाली. पण तिचा आवाज कुणी ऐकला नाही.

"काढ बे ह्याला भाहेर," अण्णा म्हणाले. आवाज तसाच मऊ.

कुणीतरी हुकूमच्या गळ्यातला हार ओढून काढला. दोर धरायला कुणी तयार होईना, तेव्हा सटवालाच तो धरावा लागला. सकाळपासून फोटो काढणारी माणसं घोड्याला वाट देताना पाच हात लांब सरकली. तीन वर्षांपूर्वी मैनेला अशीच वाट मिळाली होती. केसरबाईला स्वतःचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं ह्याच लोकांचा तराजू हातात घेतला होता, आणि दुसऱ्याच्या पारड्यात एक मुका जीव घालून आपला सोडवायला निघाली होती. सुटलं कुणीच नव्हतं.

"बघितलंत?" रामेश्वर तिला म्हणाला. बापाची सुटका झाली म्हणून त्याला चेव आला होता. "आसूढाळ ती आसूढाळच. तुमची बी अन् आमची बी. तुमच्या मालकाचं काय घेऊन बसलात? तसं बघितलं तर त्यानं त्या दिवशी घेतलेली होती. पिऊन दोर हातात धरायला कुणी सांगितलं होतं त्याला?"

केसरबाई उत्तर द्यायला वळली, पण तिच्याआधी दुसराच आवाज आला.

"खोटं हाय ते."

गहिनीनाथ मैनेला घेऊन कधी येऊन मागं उभा राहिला होता कुणास ठाऊक.

"माझ्या भावानं जन्मात थेंब घेतला न्हाई."

"तुला काय म्हाईत बे?" रामेश्वर म्हणाला. "तू तर मागं होतास."

"मी मागं न्हवतो. मी तुझ्या उजव्या अंगाला होतो." मग गहिनीनाथ थांबला, आणि थांबता थांबता पुढं बोललाच. "मारुतीपुढं लावायची उदबत्ती माझ्या हातात होती. ती तू माझ्याकडून घेतलीस, अन् माळ पेटवून घोडीच्या पायात फेकलीस. मला वाटलं, बाजूला उडवशील. म्हणून दिली मी."

रामेश्वरनं मोबाईल खिशात घातला. त्याच्या दोस्तांपैकी एकानं मान खाली घातली, दुसऱ्यानंही घातली, आणि ज्यांनी काहीच पाहिलं नव्हतं त्या सगळ्यांच्या माना बघून केसरबाईला कळलं की ह्या सगळ्यांनीच पाहिलेलं आहे.

"गहिनीनाथ," अण्णा म्हणाले. "इचार करून बोल."

"तीन वर्सं तेच केलं, आण्णा," गहिनीनाथ म्हणाला आणि रडायला लागला.

केसरबाईला रडू आलं नाही. तीन वर्षं हा माणूस तिच्या हातचं जेवला होता. तोंडात मिठाची गुळणी धरून जेवला होता. घोडी विकायची म्हणून हाच मागं लागला होता, हिच्यामुळं माझ्या पोरीचं लग्न जमत नाही म्हणून हाच ओरडला होता, आणि उदबत्ती ह्याची होती. रामेश्वरचा राग तिला जुना, ओळखीचा होता. हा राग नवा होता, आणि तो कुठं ठेवावा हे तिला कळेना.

डॉक्टरांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "ह्या घोडीला मी रिंगणात घेतोय," ते म्हणाले. "कुणाची हरकत असेल तर त्यानं इथं येऊन बसावं आणि पंच व्हावं, मी माझ्या गावी जातो." कुणी पुढं आलं नाही. अण्णा कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून गाडीकडं निघून गेले होते.

"घोडीचं नाव?" लिहिणाऱ्यानं विचारलं.

"मैना."

"मालक?"

"शिवशंकर," केसरबाई म्हणाली. "अन् त्याच्याफुडं लिहा, ह्याच गावात वरातीत मेले. भोंग्यावर तसंच वाचा."

लिहिणाऱ्यानं डॉक्टरांकडं बघितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि त्यानं लिहिलं.

लिंबाखाली हुकूम झालर निघालेल्या तोंडानं उभा होता, सटवा त्याच्यापासून जमेल तितका लांब बसला होता. घोडा मैनेकडं बघून पुन्हा खिंकाळला. केसरबाईनं तिकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

"चला, वहिनी," गहिनीनाथनं डोळे पुसले आणि दोर सावरला. "मी नेतो हिला आत."

केसरबाईनं त्याच्या हातातून दोर काढून घेतला.

"तुमी न्हाई, भावजी. सोमवारी तुमचा व्यापारी आला तर त्याला माझ्याकडं धाडा. अन् आता हितंच थांबा. तीन वर्सं मागं होतात ना, मागंच ऱ्हावा."

तिनं दोर मनगटाला गुंडाळला नाही. नुसता मुठीत धरला, आणि मैनेला घेऊन ती रिंगणात गेली.